दुःख कोणाचे, अर्पण कोणाचे

ख्रिस्ती देवळात पहिल्यांदाच आलेल्या माणसाची नजर वेदीच्या वर जाते आणि तिथेच अडते. हातापायांत खिळे, कुशीत भाल्याची जखम, एका बाजूला कललेली मान. इतर ठिकाणी त्याने देवाची तेजस्वी, प्रसन्न, ऐश्वर्यसंपन्न रूपे पाहिलेली असतात आणि इथे समोर असतो सरकारी हुकमाने मारलेला एक माणूस. तुम्ही दुःखाची पूजा करता का, असे माझ्या हिंदू स्नेह्यांनी मला अनेकदा विचारले आहे. प्रश्न मनापासून आलेला असतो, पण त्याला आम्हा ख्रिस्ती लोकांकडून बहुतेक वेळा पाठ केलेले उत्तर मिळते: ख्रिस्ताने आमच्या पापांसाठी प्राण दिला. उत्तर खरे आहे, तरी विचारणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एकाच्या मरणाने दुसऱ्याचे पाप कसे फिटते? वेदनेत तारण्याची शक्ती कुठून येते? आणि ती असेलच, तर मग दुःख दूर करायची धडपड तरी कशाला? या पुस्तकातले लेख या पुढच्या प्रश्नांसाठी लिहिलेले आहेत.

क्रूस आज गळ्यातल्या साखळीत आला आहे, म्हणून तो मुळात काय होता हे आधी सांगायला हवे. रोमन राज्यात ती गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा होती. रोमन नागरिकाला ती सहसा देत नसत. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर इ.स.पूर्व ७१ मध्ये कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेने सहा हजार गुलाम क्रुसांवर चढवले गेले. नुसता जीव घ्यायचा असता तर तलवार पुरे होती. इथे माणसाला उघडे करून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, सावकाश मारायचे होते, म्हणजे पाहणाऱ्यांच्या मनातूनही त्याची माणूसपणाची किंमत उतरावी. पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांनी ही दृश्ये प्रत्यक्ष पाहिली होती. त्यांनी दफनभूमीच्या भिंतींवर मेंढपाळ काढला, मासा काढला, पण क्रुसावरचा ख्रिस्त जवळजवळ काढलाच नाही. रोममधल्या सांता सबिना चर्चच्या लाकडी दारावर तो पाचव्या शतकात कोरला गेला आणि आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. तोवर ती शिक्षा साम्राज्यातून बंद होऊन बराच काळ लोटला होता.

त्यानंतर हजार वर्षांनी काढलेल्या एका चित्रापाशी मला थोडे थांबायचे आहे. आल्सास प्रांतात इसेनहाइम नावाचे गाव आहे. तिथे संत अँथनीच्या नावाने चालणाऱ्या संघाचा मठ होता आणि मठाला जोडून रुग्णालय होते. तिथे येणारे बरेच रोगी एकाच व्याधीचे असत. राय या धान्याच्या कणसावर एक बुरशी धरते. त्या पिठाचा पाव खाणाऱ्याच्या अंगाचा दाह होतो, हातापायांची बोटे काळी पडतात, सडतात आणि गळून जातात. युरोपात या रोगाला संत अँथनीचा अग्नी म्हणत. त्याचे कारण त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. दुष्काळात मिळेल ते धान्य खाणाऱ्या गरिबांना तो जास्त होई, एवढे मात्र दिसत होते. १५१२ ते १५१६ या काळात माथियास ग्र्युनेवाल्ड या चित्रकाराने इथल्या वेदीसाठी ख्रिस्ताचे मरण रंगवले. त्या ख्रिस्ताचे अंग हिरवट पडले आहे, कातडीभर व्रण आहेत, त्यांत काटे रुतले आहेत, हातांची बोटे वेदनेने ताठ होऊन आकाशाकडे वळली आहेत. नवा रोगी आला की उपचाराआधी त्याला या चित्रासमोर आणत. आपल्या अंगावर जे आहे तेच त्याला देवाच्या अंगावर दिसे.

चित्राविषयी लिहिणारे बहुधा इथे थांबतात. मला त्यानंतरची गोष्ट तितकीच महत्त्वाची वाटते. चित्र दाखवून झाल्यावर मठातले बंधू त्या रोग्याला आत नेत, चांगल्या धान्याचा पाव देत, मलम लावत आणि सडलेला अवयव वाचणार नसेल तर तो कापून काढत. तुझा रोग पवित्र आहे, तो तसाच राहू दे, असे तिथे कोणी म्हणत नव्हते. रोगाशी झुंज आणि रोग्याची सोबत एकाच छपराखाली चालू होती आणि दोन्ही कामे तीच माणसे करत होती. ही वेदी आता कोलमारच्या संग्रहालयात आहे. तिच्यासमोरून रोज पर्यटक जातात, पण ती ज्यांच्यासाठी काढली ते लोक आठवल्याशिवाय ती कळत नाही.

ख्रिस्ती श्रद्धेतल्या तारणदायी दुःखाविषयी मला जे म्हणायचे आहे ते इथूनच सुरू होते. वेदनेला स्वतःची अशी काही पुण्याई नाही. तारते ते प्रेम. या जगात प्रेम करायला निघालेल्याला त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत जो स्वतःहून, स्वतःच्या अंगावर घेतो त्याचे दुःख दुसऱ्याला जीवन देणारे ठरते. ‘स्वतःहून’ आणि ‘स्वतःच्या’ या दोन अटी आहेत. त्यांतली एक जरी सुटली तरी उरते ती नुसती क्रूरता, मग तिच्या तोंडी कितीही पवित्र शब्द असोत. चर्चच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासात या अटी पाळलेल्याही दिसतात आणि पायदळी तुडवलेल्याही. पुढचे लेख दोन्हींबद्दल आहेत.

या अटी मी बाहेरून आणलेल्या नाहीत, त्या शुभवर्तमानांतच आहेत. येशूकडे आलेल्या कोणाही रोग्याला त्याने, हे सोस, यात तुझ्या आत्म्याचे भले आहे, असे सांगून परत पाठवलेले नाही. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली बाई, गावाबाहेर राहणारे कुष्ठरोगी, यरीहोच्या वाटेवर ओरडणारा आंधळा बार्तिमय, सगळे बरे होऊन गेले. जन्मांध माणसाच्या गोष्टीत शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. पूर्वजन्मीचे भोग ही कल्पना ज्याने लहानपणापासून ऐकली आहे त्या मराठी वाचकाला हा प्रश्न अगदी ओळखीचा वाटेल. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. मग तो थुंकीने माती कालवतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. दुःखाचा हिशेब मांडत बसण्यापेक्षा त्याला हे काम महत्त्वाचे वाटते. जुन्या करारातल्या ईयोबाच्या पुस्तकातही असेच आहे. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसतात, तोपर्यंत ते खरे मित्र असतात. त्याच्या दुःखाची कारणे सांगायला त्यांनी तोंड उघडले की त्यांचे चुकत जाते, आणि अखेरीस देव त्या कारणे सांगणाऱ्यांवरच रागावतो.

स्वतःच्या दुःखाबाबतही येशूने काही वेगळे केले नाही. त्याला मरायची हौस नव्हती. गेथशेमाने बागेत, अटकेच्या आधी, तो हा प्याला टळावा म्हणून जमिनीवर पडून विनवतो. जवळच्या तिघांनी तासभर जागे राहावे एवढी साधी सोबत मागतो आणि तीही त्याला मिळत नाही. क्रुसावर तो देवालाच विचारतो की मला का सोडलेस. हुतात्म्यांच्या कथांत नायक हसत मरणाला सामोरा जातो. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनाही तसे लिहिता आले असते. मार्क आणि मत्तय यांनी तो आक्रोश जसाच्या तसा ठेवला, इतकेच नव्हे तर येशूच्या अरामी बोलीतले शब्दही ठेवले. दुःखाला गोड न करण्याचे हे धैर्य मला ख्रिस्ती धर्मग्रंथातले फार मोठे धैर्य वाटते.

याच कथेत कुरेनेकर शिमोन नावाचा एक माणूस आहे. तो शेतावरून येत होता. शिपायांनी त्याला धरले आणि येशूचा क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. त्याला कोणी विचारले नाही. ती वेठ होती. पुढे प्रवचनांत शिमोनाचे पुष्कळ कौतुक झाले आणि क्रुसाच्या वाटेच्या भक्तीत त्याला पाचवे स्थान मिळाले. पण कथा नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. दुसऱ्याच्या खांद्यावर बळजबरीने क्रूस ठेवणारे या कथेत रोमचे शिपाई आहेत. ते काम येशू करत नाही, त्याचे शिष्यही करत नाहीत. आपल्यापैकी कोणी दुसऱ्याला त्याचा क्रूस वाहण्याचा उपदेश करायला निघाला, तर आपण कोणाच्या जागी उभे आहोत हे त्याने पाहावे.

येशूच्या मरणाने तारण नेमके कसे होते, याबद्दल धर्मपंडितांचे एकमत कधीच झाले नाही. पहिल्या शतकांत पुष्कळांना ती सैतानाला दिलेली खंडणी वाटली. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांनी, माणसाने देवाचा मान मोडला आणि तो भरून काढायला देवच माणूस झाला, असा युक्तिवाद रचला. त्यात त्या काळच्या सरंजामी व्यवस्थेची छाया उघड दिसते. पुढच्या शतकात पॅरिसच्या आबेलार्दने विचारले की निरपराध माणसाचे रक्त पाहून देव संतुष्ट होतो हे कसे मानायचे. त्याच्या मते क्रुसावरचे प्रेम पाहून माणसाचे हृदय वळते आणि तेच तारण. धर्मसुधारणेच्या काळात शिक्षेची भाषा आली: आपल्याला व्हायची ती शिक्षा ख्रिस्ताने भोगली. १९३० मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ आउलेन यांनी सगळ्यांत जुनी समजूत पुन्हा पुढे आणली: क्रूस हा मरणावर आणि दुष्ट शक्तींवर मिळवलेला विजय आहे. यांतल्या प्रत्येकात सत्याचा काही अंश आहे असे मी मानतो. ज्या मांडणीत पिता रागावलेला आणि पुत्र मार खाणारा असे दोन पक्ष पडतात, ती मात्र मला ख्रिस्ती वाटत नाही. त्रैक्याची श्रद्धा सांगते की क्रुसावर जे सोसले गेले ते देवाने दुसऱ्याला सोसायला लावले नाही, त्याने स्वतः सोसले.

सिद्धान्तांपेक्षा माणसांपाशी हा विषय अधिक उलगडतो. म्हणून एका माणसाबद्दल जरा सविस्तर लिहितो.

जुलै १९४१ च्या अखेरीस आउशवित्झच्या छळछावणीतून एक कैदी नाहीसा झाला. त्याची शिक्षा म्हणून त्याच्या बराकीतल्या दहा जणांना कोठडीत कोंडून उपाशी मारायचे ठरले. उपकमांडंट कार्ल फ्रिट्झ्श याने रांगेतून दहा जण निवडले. त्यांत फ्रान्सिशेक गायोव्निचेक हा पोलिश सैन्यातला सार्जंट होता. बायकोमुलांचे काय होणार म्हणून तो रडू लागला. तेव्हा १६६७० क्रमांकाचा कैदी रांग सोडून पुढे आला. छावणीत परवानगीवाचून रांग सोडणे हेच जिवावर बेतणारे होते. मी कॅथॉलिक धर्मगुरू आहे, याला बायकोमुले आहेत, याच्या जागी मला घ्या, असे त्याने सांगितले. अदलाबदल मान्य झाली. दहा जणांना अकरा नंबरच्या इमारतीच्या तळघरात नेले. तिथे दुभाष्याचे काम करणारा ब्रुनो बोर्गोवियेत्स हा कैदी वाचला आणि त्या कोठडीतून प्रार्थना आणि गाणी ऐकू येत असत, हे त्याने पुढे सांगितले. दोन आठवड्यांनी चौघे जिवंत होते. कोठडी रिकामी हवी होती, म्हणून १४ ऑगस्टला त्यांना कार्बोलिक आम्लाची सुई टोचून मारण्यात आले. त्यांतले एक हे फादर माक्सिमिलियन कोल्बे.

कोल्बे तेव्हा ४७ वर्षांचे होते. तरुणपणापासून क्षयाने पोखरलेले. १९२७ मध्ये त्यांनी वॉर्साजवळ नियेपोकालानुव हा मठ काढला, तिथे मोठा छापखाना चालवला. १९३० मध्ये ते जपानला गेले आणि नागासाकीत मठ उभा केला. तिथूनच १९३२ मध्ये ते आपल्याकडे केरळात एर्नाकुलमलाही येऊन गेले. त्यांच्या छापखान्यातून निघालेल्या नियतकालिकांत ज्यूद्वेषाचा मजकूर येत असे, हेही खरे आहे आणि ते लपवून त्यांची गोष्ट सांगू नये. जर्मनांनी पोलंड घेतल्यावर त्यांच्याच मठाने हजारो निर्वासितांना आसरा दिला. त्यांत ज्यूही मोठ्या संख्येने होते. एकाच माणसात ही दोन्ही टोके होती. संत म्हणजे डाग नसलेला माणूस, अशी ज्यांची समजूत आहे त्यांना हे अवघड जाईल. मला मात्र त्यांच्या शेवटच्या कृतीचे मोल यामुळे कमी झालेले वाटत नाही.

गायोव्निचेकचे पुढे काय झाले हे फारसे सांगितले जात नाही. तो वाचला. युद्ध संपल्यावर तो बायकोकडे परतला. पण ज्या दोन मुलांच्या नावाने तो रडला होता ती १९४५ च्या बाँबवर्षावात मारली गेली होती. म्हणजे बाप मुलांकडे जावा म्हणून एका धर्मगुरूने प्राण दिला आणि बाप पोहोचला तेव्हा मुलेच नव्हती. त्यागाला जर आपण सौदा समजत असू, तर हा सौदा फसला. मला वाटते, त्याग हा सौदा नसतो हे दाखवणारी याहून स्पष्ट गोष्ट विसाव्या शतकात शोधून सापडणार नाही. कोल्बे यांना मुलांचे भविष्य माहीत नव्हते आणि माहीत असते तरी त्यांनी जे केले त्याचा अर्थ बदलला नसता. जिवंत राहायचे तर शेजाऱ्याला तुडवावे लागते, हा त्या छावणीचा कायदा होता. शेकडो कैद्यांच्या देखत एकाने तो मोडला. गायोव्निचेक १९९५ पर्यंत, वयाच्या ९३ व्या वर्षापर्यंत जगला आणि त्या माणसाची गोष्ट गावोगावी सांगत राहिला.

चर्चमध्येही या मरणावर वाद झाला. श्रद्धेच्या द्वेषापोटी मारला जातो तो हुतात्मा, अशी जुनी व्याख्या. कोल्बे यांना कोणी श्रद्धा सोडायला सांगितले नव्हते. ते दुसऱ्याच्या शिक्षेत मेले. १९७१ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले ते हुतात्मा म्हणून नव्हे. १० ऑक्टोबर १९८२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संतपद दिले तेव्हा मात्र, नेमलेल्या मंडळाचे मत तसे नसतानाही, ते हुतात्मा असल्याचे जाहीर केले. त्या समारंभाला गायोव्निचेक रोममध्ये हजर होता. पोपचा हा निर्णय योग्यच होता असे मला वाटते. माणसाला कस्पटासमान लेखणारी जी सत्ता होती तिच्याविरुद्ध, एका अनोळखी माणसाचा जीव आपल्या जिवाइतका मोलाचा मानणे हीच श्रद्धेची साक्ष होती.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रडणाऱ्या गायोव्निचेकला, धीर धर, तुझे दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोड, स्वर्ग मिळेल, असे कोल्बे सांगू शकले असते. ते शिकवणीला धरूनही झाले असते. त्यांनी तसे सांगितले नाही. ते त्याच्या जागी गेले.

याच्या उलट काय घडले त्याची यादी मोठी आहे. अमेरिकेतल्या मळेवाल्यांनी गुलामांना ख्रिस्ताच्या सोशिकतेचे धडे ऐकवले. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला कितीतरी धर्मगुरूंनी क्रूस समजून सोसायला सांगितले. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या जोअॅन कार्लसन ब्राउन आणि रिबेका पार्कर यांनी लिहिले की पित्याने पुत्राला सोसायला लावले ही प्रतिमाच अत्याचाराला आधार देते. त्यांचा निष्कर्ष मी स्वीकारत नाही, कारण क्रुसावर देव स्वतः आहे. पण त्यांचा राग मी पूर्ण स्वीकारतो.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्यातले आहे. जुलै १५८३ मध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळी गावात रुदोल्फो आक्वाव्हिवा आणि त्यांचे चार येशूसंघी सोबती गावकऱ्यांच्या हातून मारले गेले. आक्वाव्हिवा नुकतेच अकबराच्या दरबारातून परतले होते. १८९३ मध्ये चर्चने या पाचांना धन्यवादित हुतात्मे म्हणून घोषित केले. त्यांचे धैर्य खोटे नव्हते. पण या पाचांपैकी काही जण आधी देवळे पाडणाऱ्या पोर्तुगीज फौजेबरोबर त्या गावांत गेले होते आणि हत्येनंतर कुंकळ्ळीच्या गांवकारांना बोलणीसाठी म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी ठार केले. त्या मारल्या गेलेल्यांचे स्मारक गावात व्हायला एकविसावे शतक उजाडले. क्रूस तलवारीच्या सावलीत उभा राहिला की कोणाचे मरण बलिदान आणि कोणाचे नुसते मरण, हे तलवार ठरवते. त्याच साष्टीत काम करणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी पुढे ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, आणि ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा मराठी ओवीत पहिल्यांदाच इतक्या विस्ताराने उतरली. एकाच भूमीवर काही दशकांच्या अंतराने हे दोन्ही घडले आहे आणि मराठी ख्रिस्ती माणसाने दोन्हींचा वारसा सांगितला पाहिजे.

घरातल्या त्यागाचाही हिशेब असाच तपासावा. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी आपली जात, नाती, मान सोडला. त्यांचा त्याग मोठा होता आणि तो त्यांनी निवडला होता. त्याच दिवशी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्याही वाट्याला सगळे आले, नवऱ्याचा वियोग, लोकांची बोलणी, परावलंबन. त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. कुरेनेच्या शिमोनासारखी त्यांच्यावर ती वेठ आली. पुढे काही वर्षांनी त्या स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वाटेने ख्रिस्ताकडे आल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की त्या बाईंनी नवऱ्याच्या श्रद्धेवर प्रेम केले पण आपल्या हालांना कधी पवित्र ठरवले नाही. त्यांचा तो प्रामाणिकपणा मला अनेक प्रवचनांपेक्षा ख्रिस्ती वाटतो.

पंडिता रमाबाईंनी तर हा भेद आयुष्यभर जगून दाखवला. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात भटकत असताना त्यांचे आईवडील आणि बहीण उपासमारीने गेले. हिंदू विधवांना धर्माच्या नावाने जे सोसायला लावले जाई त्यावर त्यांनी १८८७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि परदेशातल्या वाचकांपुढे ते ठेवले. ख्रिस्ती झाल्यावरही, इंग्लंडमधल्या ज्या धर्मभगिनींनी निमूट आज्ञापालनाची अपेक्षा केली त्यांना त्यांनी स्पष्ट कळवले की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून मी दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देणार नाही. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात हीच बाई मध्य प्रांतात गेली, भुकेने मरणाऱ्या शेकडो मुली केडगावला घेऊन आली आणि उरलेले आयुष्य त्यांच्यासाठी झिजली. स्वतः भोगलेली भूक त्यांच्या हातून दुसऱ्याच्या ताटातले अन्न झाली. तारणदायी दुःख मराठी मातीत कुठे पाहायचे, असे कोणी विचारले तर मी त्याला केडगावला जायला सांगेन.

आता त्या माणसाचे काय, ज्याने आपले दुःख निवडलेलेच नाही? कर्करोग कोणी मागून घेत नाही. इथे कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट परंपरांत जुना मतभेद आहे. कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की ख्रिस्ताच्या दुःखात जे उणे आहे ते मी आपल्या देहात भरून काढतो आहे. कॅथॉलिकांनी यावरून आपले दुखणे दुसऱ्यांसाठी अर्पण करण्याची साधना घडवली. वसईतल्या जुन्या बाया गुडघे दुखत असतानाही ती कळ शुद्धिस्थानातल्या आत्म्यांसाठी वाहून टाकत. प्रॉटेस्टंटांना यात ख्रिस्ताचे काम अपुरे ठरण्याची भीती वाटते, आणि पापक्षमापत्रांच्या काळात पुण्याचा साठा करून त्याची विक्री झाली होती हे पाहता ती भीती निराधार नाही. माझे मत असे की निवड इथेही आहे, फक्त ती दुखण्यानंतर येते. आलेल्या वेदनेचे काय करायचे हे रोगी ठरवू शकतो, आणि ते फक्त तोच ठरवू शकतो. त्याने ती अर्पण केली तर ती प्रार्थना आहे. त्याने देवाशी भांडण केले तर तीही प्रार्थना आहे, स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे तशीच आहेत.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी तारणदायी दुःखावर एक पत्र प्रसिद्ध केले. एकविसावे वर्ष पुरे होण्याआधी आई, भाऊ, वडील सगळे गमावलेला, नाझी राजवटीत दगडाच्या खाणीत राबलेला आणि १३ मे १९८१ ला व्हॅटिकनच्या चौकात गोळ्या खाल्लेला हा माणूस होता. त्यांनी त्याच पत्राचा शेवटचा मोठा भाग चांगल्या शोमरोनीच्या दाखल्याला दिला. वाटेवर पडलेल्या जखमीला पाहून जो थांबतो, जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो आणि धर्मशाळेचे पैसे भरतो, तो. आपले दुःख अर्पण करा हे त्यांनी लिहिले आणि दुसऱ्याचे दुःख पाहून थांबा हेही लिहिले. पत्राचा पहिला भाग पुष्कळांना पाठ आहे. शेवटचा कमी वाचला जातो.

वाचकांना दोन विनंत्या आहेत. एक, हे पुस्तक आजारी माणसाच्या उशाशी ठेवू नये आणि त्यातला कोणताही परिच्छेद त्याला वाचून दाखवू नये. त्याने मागितले तर गोष्ट वेगळी. नाहीतर त्याच्याजवळ बसावे, औषधाची वेळ पाळावी, त्याच्या घरच्यांना थोडी झोप मिळू द्यावी. दुसरी, पुढचे लेख वाचण्याआधी मार्कच्या शुभवर्तमानाचे चौदावा आणि पंधरावा हे अध्याय सलग वाचावेत. अर्ध्या तासाचे वाचन आहे. माझ्या कोणत्याही वाक्याशी ते जुळत नसेल तर माझे वाक्य सोडून द्यावे.